गौराक्कांची साक्ष

गौराक्कांकडे निरोप दिला की त्या लगेच वळत नसत. आधी तो निरोप तुमच्यासमोर जशाच्या तसा म्हणून दाखवत, आणि तुम्ही "बरोबर" म्हणालात की मगच पदर कमरेला खोचून चालू लागत. बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या हायस्कुलात मी इंग्रजीचा शिक्षक म्हणून लागलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला याचा प्रसाद मिळाला. ऐन परीक्षेच्या तोंडावर मुख्याध्यापकांनी माझा तास काढून कवायतीला दिला होता. मी रागारागात गौराक्कांना म्हणालो, "जाऊन सांगा त्यांना, कवायतीनं इंग्रजी येत असेल तर पेपरही मैदानावरच घ्या." त्यांनी ते म्हणून दाखवलं. मी तणतणत "बरोबर" म्हटलं. दहा मिनिटांत मला बोलावणं आलं. माझं वाक्य एक अक्षर इकडचं तिकडे न होता मुख्याध्यापकांपर्यंत पोचलं होतं.

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावरच चिडलो. "आक्का, जरा सौम्य करून सांगायचं ना!"

"आनी मग उद्या तुमीच म्हनला असतासा, मी असं म्हनलंच न्हवतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "निरोप माझा न्हाय सर, देनाऱ्याचा हाय. मी कशाला त्यात हात घालू?"

गौराक्का आमच्या शाळेच्या शिपाई. मूळच्या खानापूर तालुक्यातल्या. नवरा उद्यमबागेच्या कारखान्यांत, लोखंड ओतायच्या फौंड्रीत कामाला होता. छातीच्या दुखण्यानं तो लवकर गेला आणि पदरात सविता नावाची तीन वर्षांची मुलगी घेऊन आक्का आमच्या शाळेत लागल्या. पहाटेच्या बसनं यायच्या, सगळ्या वर्गांची कुलपं काढायच्या, पिण्याच्या पाण्याची टाकी भरायच्या. त्यांचं स्टूल व्हरांड्यात माझ्या वर्गाच्या दारापाशी असे. तीस वर्षं त्यांनी माझं इंग्रजी बाहेर बसून ऐकलं. एकदा तास संपल्यावर मला म्हणाल्या, "सर, ह्ये प्यासिव्ह व्हाईस गेल्या वर्षी तुमी दिवाळीच्या आधी केलतासा. औंदा लांबलं." मी वही काढून पाहिली, खरंच लांबलं होतं.

त्यांना कन्नडही उत्तम येई. एकदा शिक्षण खात्याचे एक अधिकारी तपासणीला आले. ते मराठी बोलेनात, आमचे मुख्याध्यापक कन्नड बोलेनात. दोघे शेजारशेजारच्या खोल्यांत फुगून बसले. मधे गौराक्का. दुपारपर्यंत त्यांनी दोन्हीकडचे शब्द पोचवले, चांगले आणि वाईटही. शेवटी दोघे दमले आणि एका खोलीत येऊन चहा प्यायले. "लई बोलले एकमेकास्नी," आक्का आम्हाला नंतर सांगत होत्या, "मी सगळं पोचीवलं. काय शिल्लक ठिवलं न्हाय, म्हून मिटलं."

आम्ही दोघे एकाच वर्षी निवृत्त झालो. माझी पत्नी त्याआधीच गेली होती, मुलगा पुण्यात. सविताचं लग्न होऊन ती निपाणीला गेली, आणि आक्का दुसऱ्या रेल्वे गेटपलीकडे दोन खोल्यांत एकट्या राहू लागल्या. दर शनिवारी सकाळी त्या माझ्याकडे येत. पेन्शनचा कागद, गॅसचा कागद, नातीच्या कॉलेजचा फॉर्म. मी वाचून दाखवायचा, भरून द्यायचा. या कामासाठी त्यांच्या आधार कार्डाचे आणि पासबुकाचे फोटो माझ्या मोबाइलमध्ये असत. येताना त्या कधी मेथीची जुडी आणत, कधी शेंगांची चटणी.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगायला मला फार उशीर झालेला आहे.

एका सोमवारी सकाळी मला व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर पोलिसी गणवेशातला एक तरुण, मागे भिंतीवर सरकारी चिन्ह. हिंदीत बोलत होता. माझ्या नावानं परदेशी गेलेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, मी चौकशीत आहे, कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. आज कुणी हे सांगितलं तर शाळेतलं पोरही हसेल. मी हसलो नाही. मी त्याला 'सर' म्हणत होतो. आयुष्यभर दुसऱ्यांकडून ऐकलेला तो शब्द मी त्या पोराला पन्नास वेळा वापरला असेन.

दीड दिवस मी मोबाइलसमोर त्या एकाच खुर्चीत होतो. संडासला जातानाही परवानगी मागत होतो. दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "तुमची कागदपत्रं आणखी कोण हाताळतं? तुमच्याकडे कुणाची कागदपत्रं आहेत?" मी गौराक्कांचं नाव सांगितलं. त्यानं फोटो मागितले, मी ते पाठवले. त्यांचा नंबरही दिला. मग त्यानं विचारलं, "या बाईनं तुमच्या पत्त्याचा वापर करून हे केलं असेल?"

मी म्हणालो, "शक्य आहे, सर."

कुणी माझ्या गळ्यावर सुरी ठेवली नव्हती. संशय थोडा वेळ दुसऱ्या कुणावर जावा, एवढंच मला हवं होतं. नंतर माझ्याकडचे पैसे घेऊन त्यांनी मला सोडलं. संध्याकाळी मी पुण्याला मुलाला फोन केला तेव्हा हवापाण्यावर बोललो. दुसऱ्या दिवशी सिम कार्ड मोडून टाकलं आणि नवा नंबर घेतला. गौराक्कांना सावध करायला पंधरा मिनिटं चालत जावं लागलं असतं. पण त्यांना सावध करायचं म्हणजे मी फसलो हे सांगावं लागणार होतं. मी गेलो नाही.

शनिवारी त्या आल्या त्या हात हलवतच. "सर, मला लुबाडलं," असं म्हणून पायरीवर बसल्या. नातीच्या नर्सिंगसाठी साठवलेलं सगळं गेलं होतं. त्या सांगत होत्या, मी ऐकत होतो. तोच गणवेश, तेच पार्सल. सगळं ऐकून मी काय बोललो? मी म्हणालो, "असं कसं फसलात आक्का? एवढं जग पाहिलेली बाई तुम्ही."

त्या ओशाळल्या. "व्हय, चुकलंच माझं," म्हणाल्या. मग पुढं, "पन पोलिसात सांगून आलोय. आख्ख्या गल्लीला बी सांगितलं. फसले म्हनायला मला कसली लाज? चोरी त्यानं केलीया." मी मान डोलावली.

वर्ष उलटलं. मग एक दिवस पोलीस खात्यातल्या एक इन्स्पेक्टरबाई माझ्या घरी आल्या, सोबत गौराक्का. बाई मूळच्या कन्नड, मराठी अडखळत पण नीट बोलत. त्यांनी सांगितलं ते असं. समुद्रापलीकडच्या एका देशात तिथल्या पोलिसांनी एका इमारतीवर छापा घातला होता. तिथून आपल्याकडच्या लोकांना फोन जात. पकडलेल्यांत आपल्याकडचीही काही माणसं होती. खटला तिथंच चालणार होता. दोन्ही सरकारांत पत्रव्यवहार होऊन ठरलं होतं, की फसलेल्या माणसांनी इथं बसून व्हिडिओवरून तिथल्या कोर्टाला साक्ष द्यायची.

"पण सर, साक्षीला कोणी येत नाही," बाई म्हणाल्या. "त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये नंबर मिळाले. बेळगाव, निपाणी, चिकोडी. मी फोन केला तर सगळे म्हणतात, आमच्याकडे असं काय झालंच नाही. डॉक्टर आहेत, वकील आहेत. लाज वाटते. ही आक्का एकटी हो म्हणाली. तिकडचे पोलीस म्हणतात, फसलेला माणूस समोर आला नाही तर आम्ही गुन्हा शाबीत कसा करायचा?"

त्यांनी यादी टेबलावर ठेवली होती. चौथ्या ओळीत माझा जुना नंबर होता. पुढे पेनानं लिहिलेलं: बंद.

"मला कन्नड येतंय," आक्का म्हणाल्या, "पन ह्यातलं सगळं मला माझ्या बोलीतच सांगायचंय. मी म्हनलं, आमचे सर इंग्लिशमधी सांगतील. सरांशिवाय कोन सांगनार?"

मी हो म्हणालो. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

साक्षीच्या दिवशी सकाळी व्हिडिओच्या खोलीत आम्ही तिघं होतो, आक्का, इन्स्पेक्टरबाई आणि मी. पडद्यावर परकं कोर्ट. न्यायाधीश एक वयस्क बाई. माझं इंग्रजी त्यांच्या भाषेत आणि त्यांचं इंग्रजीत सांगायला तिकडे कानांवर यंत्र लावलेली एक मुलगी. आक्का तिच्याकडे टक लावून पाहत होत्या. "ती बी निरोप पोचिवनारीच व्हय?" त्यांनी मला हळूच विचारलं.

आधी मला दुभाष्या म्हणून शपथ दिली. विचारलं, या प्रकरणाशी तुमचा काही वैयक्तिक संबंध आहे का? मी म्हणालो, साक्षीदार आणि मी एका शाळेत नोकरीला होतो, बाकी काही नाही. हे मी शपथेवर सांगितलं. आरोपींच्या पिंजऱ्यात मला फोन करणारा तोच तरुण होता. गणवेश नसल्यानं लहान दिसत होता. त्याची नजर माझ्यावरून फिरून पुढे गेली. त्यानं माझ्यासारखे किती पाहिले असतील. पिंजऱ्यात तो होता, आणि त्यानं ओळखू नये म्हणून मान खाली घालत होतो मी.

आक्का छान बोलत होत्या. प्रत्येक प्रश्न आधी स्वतः म्हणून दाखवायच्या, मग उत्तर. पाऊण तास सगळं सुरळीत चाललं. मग सरकारी वकिलानं विचारलं, "तुम्ही काहीच केलं नव्हतं, तर पैसे का दिले?"

आक्का म्हणाल्या, "त्यो म्हनला, तुझ्या सरांनीच तुझं नाव दिलंया. मी म्हनलं, सर असं करायचे न्हाईत. मग त्यो म्हनला, पैसे भरलं न्हाईस तर सरांस्नी बी आत घालतो. आता सर घरात एकटे. त्यास्नी साखरेचा तरास. जेलात कोन बघनार? मी म्हनलं, भरतो बाबा."

हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. मी इंग्रजीत सांगितलं: तिला आणि तिच्या ओळखीच्या माणसांना अटक होईल अशी धमकी दिली, म्हणून तिनं पैसे दिले.

पडद्यावरची मुलगी बोलायला लागणार, तेवढ्यात आक्कांनी हात वर केला. "थांब गं बाई. सर, राहिलं की."

"काय राहिलं?"

"नाव दिलासा म्हनला त्ये. आनी मी न्हाई म्हनले त्ये. तुमी 'नेम' म्हनलाच न्हाईसा."

न्यायाधीशबाईंनी विचारलं, साक्षीदार काय म्हणते आहे? मला सांगावं लागलं. शब्दाला शब्द. तो म्हणाला, तुझ्या सरांनी तुझं नाव दिलं. मी म्हणाले, सर असं करणार नाहीत. त्यांनी विचारलं, हे 'सर' कोण? मी तो मराठीत सांगायच्या आतच आक्कांना प्रश्न कळला. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. चेहऱ्यावर कौतुक होतं. "हेच की. इंग्लिशचे सर."

पलीकडे कुजबुज झाली. मग न्यायाधीशबाईंचा प्रश्न आला, तो थेट मला होता.

"काय इचारत्यात?" आक्का म्हणाल्या.

"विचारतायत, मी तुमचं नाव दिलं होतं का."

"मग सांगा की, न्हाई म्हून."

त्या माझ्याकडे बघत होत्या. मी पडद्याकडे बघून इंग्रजीत 'यस' म्हणालो. तेवढं इंग्रजी त्यांना येत होतं.

त्यानंतर मी सगळं सांगितलं. फोटो, नंबर, मोडलेलं सिम, आणि 'शक्य आहे' हे शब्दही. इन्स्पेक्टरबाई भाषांतर करून सांगायला लागल्या तर आक्का म्हणाल्या, "नको. समजतंय." कोर्टानं साक्ष तिथंच थांबवली. दुभाष्याचा खटल्याशी संबंध निघाला म्हणून त्या दिवसाची साक्ष धरता येणार नव्हती. सगळं पुन्हा, नव्या दुभाष्यापुढं. मला समज देऊन सोडलं. इन्स्पेक्टरबाई फाइल बांधताना एवढंच म्हणाल्या, "सर, एका म्हातारीला दोनदा उभं करताय तुम्ही."

बाहेर बाकावर आक्का बराच वेळ पिशवीचे बंद चाळवत बसल्या. मी शेजारी उभा होतो. बसायचं धाडस झालं नाही.

"आक्का, मी भ्यालो होतो," मी म्हणालो.

"भ्यालासा, नाव दिलासा. मानूस भितोच. त्याचं मला काय न्हाय." त्या समोर बघत होत्या. "पन त्यानं इचारलं, हिनं केलं असंल का. तवा शक्य हाय म्हनलासा? तीस वर्सं शाळेच्या चाव्या माझ्याजवळ हुत्या, सर."

मी त्यांना रिक्षानं घरी सोडतो म्हणालो. "बस हाय," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

तीन महिन्यांनी त्या पुन्हा साक्षीला उभ्या राहिल्या. तोवर दम्यानं त्यांना गाठलं होतं. बेंगळूरहून आलेल्या दुभाष्या बाईपुढं त्यांनी या वेळी कन्नडात साक्ष दिली. मधे दोनदा थांबावं लागलं, पंपाचं औषध ओढावं लागलं. पण त्यांनी काही वगळलं नाही, असं इन्स्पेक्टरबाई सांगत होत्या. मी बाहेर बसलो होतो. दुसऱ्या दिवशी माझी साक्ष झाली. आरोपीच्या वकिलानं मला विचारलं, "ही बाई गुन्हेगार आहे असं तुम्हाला खरंच वाटत होतं का?" मी म्हणालो, "एक क्षणही नाही." "मग 'शक्य आहे' का म्हणालात?" मी म्हणालो, "मला घरी राहायचं होतं, आणि माझ्याऐवजी त्यांनी तिला न्यावं असं वाटत होतं." याहून बरं उत्तर मला आजही सापडलेलं नाही.

आक्कांचं ऐकून निपाणीचे एक डॉक्टर पुढं आले, मग चिकोडीच्या एक शिक्षिका, मग आणखी काही जण. त्या देशातल्या कोर्टानं त्या तरुणाला आणि त्याच्या वरच्या दोघांना शिक्षा दिली. दोन्हीकडच्या पोलिसांनी मिळून तसल्या आणखी एका इमारतीचा माग काढला, असंही ऐकलं. साक्ष दिलेल्या प्रत्येकाला तिकडून पत्र आलं. माझ्या पत्रात माझ्या धैर्याबद्दल आभार मानले होते. ते पत्र मी कुणाला दाखवलं नाही.

शनिवारी आक्का येत नव्हत्या. मी त्यांच्या घरी गेलो तर कुलूप होतं. शेजारी म्हणाले, लेकीनं निपाणीला नेलं.

महिनाभर मनाची तयारी करून मी निपाणीला गेलो, सोबत कुंद्याचा, आमच्याकडच्या खव्याच्या मिठाईचा, डबा. सविताचं घर तंबाखूच्या वखारींमागच्या गल्लीत. आक्का ओट्यावर खाटेवर बसल्या होत्या, खूप वाळल्या होत्या. "या," म्हणाल्या. सविताला चहा ठेवायला सांगितलं. मी शिक्षेची बातमी सांगितली. ती त्यांना आधीच कळली होती. त्यांनी विचारलं, "त्या पोराचं वय काय हाय?" मी म्हणालो, पंचविशीचा असेल. "आई असंल त्याला," एवढंच त्या म्हणाल्या. मग त्यांना दम लागला. मी माफी मागायचं ठरवून गेलो होतो. त्यांनी कुंद्याचा डबा उघडून नातीपुढं सरकवला आणि मी बोलायचा राहिलो.

शेजारच्या ओट्यावर एक बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. तिनं विचारलं, "कोन आलंय म्हनायचं, मावशी?"

आजवर आक्कांनी माझी ओळख ज्याला त्याला 'आमचे सर' अशीच करून दिली होती. बसमध्ये, भाजीवाल्याला, पोलिसांनासुद्धा.

त्या म्हणाल्या, "बेळगावास्नं आल्यात. शाळंत हुते."

त्यात राग नव्हता. चहा झाल्यावर त्यांनी मला बसची वेळही सांगितली.

मृगाच्या आधी सविताचा फोन आला. मी पोचलो तेव्हा ओट्यावर बायका जमल्या होत्या, अंगणात तिरडी बांधणं चाललं होतं. मी कडेला उभा राहिलो. विड्या वळणाऱ्या त्या बाईनं मला पाण्याचा तांब्या आणून दिला. मला ओळखलं नसावं. "तुमी कोन मावशीचे?" तिनं विचारलं.

सर, असं तोंडात आलं होतं. ते मी गिळलं.

"त्यांना लुबाडलं ना परदेशातून," मी म्हणालो, "त्या चोरांना त्यांचं नाव सांगणारा मी."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला ते कळलं नसेल म्हणून मी पहिल्यापासून सांगायला लागलो. सोमवारची सकाळ, खुर्ची, गणवेश. माझं सांगून झाल्यावर तिनं माझ्या हातातला तांब्या काढून घेतला, आणि ती गौराक्कांपाशी आत जाऊन बसली. खांद्याला माणसं कमी पडत होती. मला कुणी बोलावलं नाही, आणि मीही पुढं झालो नाही. सगळ्यांच्या मागून मी चालत गेलो.